गोलकीपरचा खांदा

रविवार, ४ मे

हरलो. दुसरा गोल आमच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आत गेला. तो बिचारा तिथेच डोकं धरून बसला.  

पुढचा रविवार मोकळा आहे. लीगचा शेवटचा सामना अठरा तारखेला, आमच्याच मैदानावर, आणि समोर जावईबापूंचा संघ. ते आमच्यापेक्षा जेमतेम पुढे आहेत. बरोबरी झाली तरी ते लीगमध्ये राहतात आणि आम्ही खालच्या लीगमध्ये जातो. आम्ही जिंकलो तर ते जातात. सासऱ्याने जावयाला बुडवायचं की जावयाने सासऱ्याला, एवढंच ठरायचं राहिलं आहे. वर्तमानपत्रवाल्यांना दोन आठवडे चघळायला मिळालं.

क्लबच्या अध्यक्षांनी गाडीत बसता बसता सांगितलं की खाली गेलो तर नवा प्रशिक्षक बघावा लागेल. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाला आता कोण दारात उभं करणार? दुसरं मला काही येत नाही, हे खरं आहे, आणि त्याची मला भीती वाटते.

मंगळवार, ६ मे

डोकं थाऱ्यावर आहे तोवर सामन्याचा अंदाज मांडून ठेवतो.

जावई पाच जणांची बचावफळी लावणार. त्याला बरोबरी पुरते, त्यामुळे तो घराचं दार लावून बसणार. मीच शिकवलं आहे त्याला. कितीतरी वर्षं माझ्या हाताखाली मधल्या फळीत खेळला, मग घरी जेवायला येऊ लागला, आणि एक दिवस मुलगी घेऊन गेला. लग्नात मी हेच म्हणालो होतो तेव्हा सगळे हसले होते.

त्यांच्या गोलकीपरला लीगमध्ये सगळे ‘कपाट’ म्हणतात. हवेतून आलेलं काहीही एकदा त्यात गेलं की बाहेर येत नाही. तेव्हा उंच चेंडू अजिबात नकोत. आमचा स्ट्रायकर ‘खांब’ कितीही उंच असला तरी कपाटापुढे त्याचा उपयोग नाही. जे करायचं ते जमिनीवरून. त्यांचा उजवा बॅक वळायला वेळ घेतो. त्याच्या पाठीमागे आमच्या ‘वाटाण्या’ला सोडायचं. वाटाणा चणीने लहान, पण पायात चेंडू आला की सापडत नाही. त्याने टोकाच्या रेषेपर्यंत जायचं, चेंडू जमिनीवरून मागे द्यायचा, आणि आमचा कॅप्टन धावत येऊन मारेल.

सरावात हेच घोटून घेतलं. बरं झालं. बऱ्याच दिवसांनी पोरांच्या तोंडावर जरा उजेड दिसला.

बुधवार, ७ मे

लेक आली. न कळवता. हातात मोठी बॅग. म्हणाली, शाळेतून रजा घेतली आहे. परीक्षेच्या दिवसांत शिक्षिकेला रजा कशी मिळाली कोण जाणे, पण हल्ली शाळांचंही काही खरं नाही.

मी ओळखलं. सामना जवळ आला की जावई घरात माणसासारखा वागत नाही. मीसुद्धा वागत नसे, हिला विचारा. (ही म्हणजे आमची सौभाग्यवती. ती विचारण्याची वाट न बघताच सांगेल.) पोरगी कंटाळून माहेरी आली असणार.

आमच्या घरात लग्नापासूनचा एक नियम आहे. दोन्ही संघांची गाठ पडणार असली की तोपर्यंत जावयाशी फोन नाही, आणि जेवणाच्या टेबलावर त्याचा विषय नाही. नियम मीच केला. उद्या कोणी म्हणायला नको की सासऱ्याने घरातून बातम्या काढल्या. रात्री जेवताना लेक म्हणाली, “बाबा, मला जरा त्याच्याबद्दल...” मी लगेच हात वर केला. ती सूप ढवळत बसली. हिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही सांडलं होतं.

शुक्रवार, ९ मे

आज एक गोष्ट कानावर पडली. लिहू की नको असं झालं, पण इथे लिहायचं नाही तर कुठे?

मी दाराशी बूट काढत होतो. स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या. लेक सांगत होती की त्या फिजिओचा सारखा फोन येतो. सकाळी उठायच्या आधी येतो, जेवताना येतो. फोन आला की हा ताट टाकून बाहेर जातो. ही काहीतरी पुटपुटली. मी खाकरलो तशा दोघी गप्प झाल्या.

जावयाच्या संघाची फिजिओ मला माहीत आहे. आधी आमच्या क्लबात होती. हुशार बाई, हसरी, हाताला गुण आहे. आमच्या कॅप्टनची मांडी तिनेच पुन्हा उभी केली. पण फिजिओ प्रशिक्षकाला ताटावरून उठवते म्हणजे काय? कोणाचं तरी काहीतरी दुखावलं आहे आणि ते लपवून ठेवलं आहे. वर्तमानपत्रात एक अक्षर नाही. त्यांच्या यादीत सगळे ठणठणीत. म्हणजे दुखावलेला माणूस साधासुधा नाही.

आनंद झाला, आणि त्याची लगेच लाजही वाटली. पण मी काही विचारलेलं नाही. कानावर पडलं त्याला मी काय करू?

शनिवार, १० मे

विचारलं. नियम मीच केला आणि मीच मोडला.

ही बाजारात गेली होती. लेक ओट्यापाशी ताटं पुसत होती. मी शेजारी उभा राहून एक फडकं उचललं, आणि तेवढ्यानेच ती चमकून बघू लागली. मी म्हणालो, “काय गं, ती फिजिओ एवढे फोन का करते?”

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. “बाबा, तुम्ही स्वतःहून विचारताय?”

“विचारतोय.”

मग तिने सांगितलं. थांबत थांबत, खाली बघत. हिवाळ्यापासून चाललं आहे. आधी क्लबातच उशीर व्हायचा. आता तो तिच्या घरी जातो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. विचारलं तर म्हणतो काम आहे, तुला कळायचं नाही. घरी आला तरी लक्ष दुसरीकडेच. मी विचारलं, क्लबात का नाही, घरी का? ती म्हणाली, क्लबात चार लोक बघतात ना.

बरोबर. मी असतो तरी हेच केलं असतं. क्लबातल्या टेबलावर गोलकीपर किंवा कॅप्टन झोपलेला कोणी बघितला की दुसऱ्या दिवशी गावभर होतं. मी विचारलं, अजून कोणाला माहीत आहे का. म्हणाली, कोणाला नाही, बाहेर फुटलं तर त्याचं सगळं संपेल. एवढं झाल्यावरही नवऱ्याची काळजी. मला गलबलून आलं.

ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं मी फार वर्षांत केलं नव्हतं. म्हणालो, “रडू नकोस. तू काही फितुरी केलेली नाहीस.”

ती माझ्या शर्टात तोंड खुपसून बराच वेळ उभी होती. म्हणाली, “आईने सांगितलं होतं, सामना होईपर्यंत बाबांना काही बोलू नकोस, त्यांची नोकरी पणाला लागली आहे. पण तुम्हीच विचारलंत.” मी म्हणालो, बरं झालं सांगितलंस. ती म्हणाली, हो, बरं झालं.

रविवार, ११ मे

कोण दुखावलं आहे? दिवसभर सहायकाच्या लॅपटॉपसमोर बसलो. त्यांचे मागचे सामने पुढे-मागे करून डोळे लाल झाले.

सापडलं. कपाट! पूर्वी तो चेंडू अडवला की उजव्या हाताने सरळ अर्ध्या मैदानापर्यंत फेकायचा. मागच्या दोन सामन्यांत जवळच्या बॅकला घरंगळत देतो आहे. एका कॉर्नरवर तर दोन्ही हातांत घेण्यासारखा चेंडू त्याने डाव्या मुठीने ठोसून काढला. उजवा खांदा गेला आहे.

सहायक म्हणाला, सर, त्या दिवशी वारा सुटला होता. मी म्हणालो, वाऱ्याने माणूस डावखुरा होत नाही. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. बातमी कुठून आली ते मी त्याला सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे, निदान एवढं तरी मी पाळतो.

मंगळवार, १३ मे

आराखडा बदलला. जमिनीवरचा खेळ रद्द. आता दोन्ही बाजूंनी गोलसमोर उंच क्रॉस, प्रत्येक कॉर्नर गोलकीपरच्या अंगावर, आणि खांबाने त्याच्या उजव्या खांद्याशी उडी मारायची. ढकलायचं नाही, फक्त तिथे असायचं. दुखऱ्या खांद्याचा माणूस दोनदा हात वर करेल, तिसऱ्यांदा विचार करेल. तेवढा विचार आम्हाला पुरे आहे.

या खेळात वाटाण्याला जागा नाही. त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तू बाकावर बसशील. त्याचे वडील लांबून सामना बघायला येणार आहेत. “ठीक आहे, सर,” म्हणाला. सराव संपल्यावर मात्र तो एकटाच डाव्या बाजूने रेषेपर्यंत पळत होता आणि कोणीही नसलेल्या जागी चेंडू मागे देत होता. मी दिवे बंद करायला सांगितलं.

कॅप्टन येऊन म्हणाला, “सर, गेल्या आठवड्यात जे चाललं होतं ते बरं चाललं होतं.” मी म्हणालो, मला काही माहीत आहे जे तुला माहीत नाही. तो माझा माणूस आहे, त्याने मान डोलावली. पण चालताना मागे वळून बघत गेला.

शुक्रवार, १६ मे

हिच्याशी बोलणं झालं. कपड्यांच्या घड्या घालता घालता हिने विचारलं, “अहो, तुम्ही लेकीशी बोललात म्हणे.” मी म्हणालो, हो, सगळं सांगितलं तिने. हिचे डोळे भरले. मला वाटलं आता नियम मोडल्याबद्दल ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाली, “मला वाटलं नव्हतं तुम्ही इतक्या शांतपणे घ्याल.”

मी म्हणालो, आरडाओरडा करून काय मिळणार? डोकं शांत ठेवून वापर करायचा. ही जरा गोंधळली, मग हिने विचारलं की पुढे काय करायचं. सामना होऊ दे, म्हणालो, मैदानातच गाठतो त्याला. “चारचौघांत काही बोलू नका हो,” ही घाबरून म्हणाली. बोलणार कशाला, करून दाखवणार, मी म्हणालो. ही हसली. मग न मागता माझ्यासाठी कॉफी करून आणली. किती दिवसांनी!

लेकीने विचारलं की सामन्यानंतरही इथेच राहिले तर चालेल का. म्हणालो, अगं, आम्ही जिंकलो की तुझा नवरा आठवडाभर फुगून बसेल, रहा की हवं तितकं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही थट्टा करता ते एका अर्थी बरंच आहे.”

घरात इतकी माया असताना मन का खट्टू आहे कळत नाही. बहुधा वाटाण्यामुळे.

रविवार, १८ मे, सकाळी

दाढी करताना कापलं. आकाश स्वच्छ, वारा नाही. ही आणि लेक दोघीही येणार नाहीत म्हणाल्या. लेकीने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या हा प्रश्नच आहे, म्हणून मीही आग्रह केला नाही. बाहेर पडताना तिने माझी कॉलर सरळ केली.  माझ्याकडे हुकमाचा पत्ता आहे आणि तो कोणालाच माहीत नाही.

रविवार, १८ मे, संध्याकाळी

शून्य-शून्य. आम्ही खाली गेलो.

पहिलाच क्रॉस आला. खांबाने उडी मारली. कपाटाने त्याच्या डोक्यावरून दोन्ही हात वर केले, झाडाचं फळ काढावं तसा चेंडू काढला आणि उजव्या हाताने अर्ध्या मैदानापलीकडे फेकला. त्या फेकीवर ते जवळजवळ गोल करून गेले. सहायक माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. वाटलं, औषध घेऊन खेळत असेल, थोड्या वेळाने उतरेल. मध्यंतरात पोरं विचारत होती की सर, तसंच चालू ठेवायचं का. मी म्हणालो, तसंच. माझं मलाच ऐकू येत होतं की मी चुकतो आहे, पण मागे फिरता येईना. घरून आणलेली खात्री होती ना.

शेवटी शेवटी वाटाण्याला उतरवलं. त्याने दोनच वेळा चेंडू पायात घेतला. पहिल्यांदा उजवा बॅक वळेपर्यंत हा रेषेपाशी पोचला, मागे पास दिला, कॅप्टनने मारला, खांबाला लागून बाहेर. आमच्या नव्हे, गोलच्या. दुसऱ्यांदा तो निसटतोय तोच शिट्टी वाजली. कोणीतरी प्रेक्षकांतून ओरडलं, याला आधी का नाही उतरवलं? तो बहुधा त्याचा बापच असावा. पोरं गवतावर आडवी पडली. कॅप्टन मान खाली घालून वाटाण्याच्या पाठीवर हात फिरवत होता. सगळं माझ्यामुळे, हे मला लिहिलं पाहिजे.

जावई हात मिळवायला आला. लीगमध्ये राहिल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत नव्हता. माझा हात धरून, नजर खाली ठेवून हळूच म्हणाला, “ती कशी आहे?”

मी म्हणालो, “तुझा गोलकीपर तर ठणठणीत आहे.”

त्याने वर बघितलं. त्याला काहीच कळलं नाही असं त्याचं तोंड झालं होतं. त्यांच्या बाकापाशी ती फिजिओ उभी होती. माझ्याशी नजरानजर होताच तिने पाठ फिरवली. पूर्वी ती धावत येऊन नमस्कार करायची. हरलेल्या माणसाला कोण ओळख दाखवतं, असं तेव्हा वाटलं.

सोमवार, १९ मे

अध्यक्षांचा फोन सकाळीच आला. गोड बोलले. मोकळं करत आहोत म्हणाले.

लेक कॉफी करत होती. मला तिच्यावर राग काढायचा नव्हता, पण निघाला. म्हणालो, “कपाटाचा खांदा दुखत नव्हता तर ती बाई एवढे महिने कोणावर उपचार करत होती?”

“कोणाचा खांदा?” तिने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. फोनवरून मी कसं ताडलं, व्हिडिओत खांदा कसा सापडला, वाटाण्याला बाकावर कसं बसवलं, क्रॉस कसे आखले. सांगता सांगता माझे शब्द माझ्याच कानांवर पडत होते. फिजिओचे फोन. तिच्या घरी जातो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. क्लबात चार लोक बघतात. मध्येच कुठेतरी मला कळलं, आणि तरी तोंड चालूच राहिलं, कारण थांबलो असतो तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही. दाराशी ही उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

लेक ओरडली नाही. गॅस बंद केला. म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी तुम्ही ताटं पुसायला आलात, मला विचारलंत, ते...”

खोटं बोलावं असं वाटलं. अर्धं कळलं होतं म्हणावं, संशय होता म्हणावं. बाप म्हणून एवढं खोटं मला माफ झालं असतं. पण इतके दिवस तिचं ऐकूनही मी काही ऐकलं नव्हतं, आता निदान तिने विचारलेल्याचं उत्तर तरी खरं द्यावं असं वाटलं.

“गोलकीपरसाठी विचारलं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. ओट्यावर हात टेकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या दिवसानंतर मला झोप लागायला लागली होती, बाबा.”

आणि ती हिच्या शेजारून आतल्या खोलीत गेली.